पूजेच्या घरातले बूट

“बूट काढणार नाही!” फर्नेस दुरुस्त करायला आलेला गोरा म्हातारा दारातच असा गरजला, की छपरावरचा अर्धा बर्फ खाली आला. ऐंशीच्या दशकातला, अमेरिकेतल्या पार्सिपनीचा जानेवारी. घर गरम ठेवणारा फर्नेस बंद, प्रसादाचा शिरा करवतीनं कापावा इतका घट्ट, आणि पाहुण्यांची पोरं कोट घालून सत्यनारायणासमोर कुडकुडत बसलेली. तरी मी दार अडवलं. “घरात पूजा आहे. बूट बाहेर!”

त्यानं पान्हा माझ्या नाकासमोर धरला. “कोरियाच्या लढाईत, बर्फाच्या डोंगरावर, साहेबानं हुकूम सोडला. बूट काढा, मोजे बदला. स्वतः तंबूत शेगडीपाशी बसून! बूट गोठून दगड झाले, परत पायात जाईनात. माझे दोन मित्र नुसत्या मोज्यांवर डोंगर उतरायला लागले. मी बूट काढलेच नव्हते. खाली मी एकटा पोचलो.”

बायकोनं मला बाजूला सारलं आणि त्याला बुटांसकट आत घेतलं.

तासाभरात फर्नेस धडधडला. जाताना त्यानं गुडघे टेकून गालिच्यावरचे आपल्या बुटांचे ठसे रुमालानं पुसले. एरवी माझं तोंड बंद करायला पोलीस बोलवावे लागतात, पण तेव्हा मी जेमतेम पुटपुटलो, “सॉरी, मला माहीत नव्हतं.”

“साहेबालाही नव्हतं,” तो म्हणाला.