बसच्या खिडक्यांमागची काकडी

कंडक्टरबाई निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. एकतीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढलेली बाई. अजूनही कुणी दारात रेंगाळलं की त्यांच्या तोंडून आपसूक निघतं, "आत व्हा, आत व्हा, दार अडवू नका." घरात उभ्या राहतानासुद्धा पाय जरा फाकवून उभ्या राहतात, जणू पुढे कुठेतरी वळण येणार आहे.

नवरा त्याच डेपोत मेकॅनिक होता. मोडीत निघालेल्या दोन बसच्या खिडक्या त्याने रीतसर अर्ज करून मागून घेतल्या आणि गच्चीवर त्यांचं काचघर उभं केलं. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद. उंची अशी की बाई आत ताठ उभ्या राहतात आणि मेकॅनिकला मान वाकवावी लागते. बाई म्हणतात, माप अगदी बरोबर घेतलंय. खिडक्या सरकत्या, त्यामुळे ऊन चढलं की उघडायच्या आणि गारठा पडला की लावायच्या. एका काचेवर 'डोके व हात बाहेर काढू नयेत' ही सूचना अजून शाबूत आहे, आणि तिच्या खालूनच टोमॅटोची फांदी खुशाल बाहेर डोकं काढू बघत असते.

आत टोमॅटो, मिरच्या, पालक असं सगळं होतं, पण बाईंचा जीव कोपऱ्यातल्या काकडीत. बुटकी, फिक्कट, अंगावर बारीक काटे असलेली काकडी. देठापाशीसुद्धा कडू लागायची नाही. तिचं बी सासूबाईंनी दिलेलं. सासूबाईंनी आयुष्यात सुनेच्या हातात आपणहून ठेवलेली ही एकच वस्तू, त्यामुळे तिची किंमत वेगळी सांगायला नको. आणि ती जात आता दुसऱ्या कुणाकडेही उरली नव्हती.

डब्यातलं बी जुनं झालं होतं. यंदा उरलेलं सगळंच्या सगळं लावलं, त्यातले दोन वेल वर आले. डबा रिकामा. या दोन वेलांच्या फळांतून बी धरलं तर धरलं, नाहीतर सासूबाईंची काकडी संपली.

आजूबाजूच्या गच्च्यांवर बाजारच्या काकड्या. मधमाश्या तिकडच्या फुलांचे पराग इकडे आणून जातीची खिचडी करणार, म्हणून बाईंनी खिडक्यांना बारीक जाळी ठोकून घेतली होती. मधमाशी आत नाही, तर मधमाशीचं काम बाईंनी करायचं. सकाळी फुलं उमलली की नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. ओळखायला सोपं. ज्याच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली काकडी ती मादी, आणि ज्याच्या मागे नुसता देठ तो नर. पहिल्यांदा नुसते नरच येतात, मागाहून माद्या. नर येऊ लागले आणि नेमक्या तेव्हाच बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली.

डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी लेक आणि जावई मुक्कामाला आले. जावई कंपनीचं काम घरून करतो. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठल्याही गोष्टीचं उत्तर मोबाइलमध्ये सापडतं, अगदी कुणी प्रश्न विचारला नसेल तरी. बाईंनी लेकीला चार शब्दांत सांगितलं होतं, "पाणी घाल, खिडक्या सरकव." लेकीने ते काम नवऱ्याकडे दिलं. आणि नवऱ्याने ते मनावर घेतलं.

तीन आठवड्यांनी बाई काळा चष्मा लावून गच्चीवर चढल्या. मागून जावई, हातात मोबाइल. काचघर लखलखीत पुसलेलं. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी चिकटवलेली, मिरचीवर 'मिरची' आणि टोमॅटोवर 'टोमॅटो', न जाणो बाई ओळखायला चुकल्या तर. बाई कोपऱ्यात गेल्या. वेल छपरापर्यंत पोचले होते. माद्या भरपूर, पण मागच्या इवल्या काकड्या पिवळ्या पडून, सुकून लोंबत होत्या. नर फूल एकही नव्हतं.

"इथली फुलं कुठं गेली?"

"मी काढतो ना रोज," जावई म्हणाला. "बिनकामाची असतात ती, आई. फळ धरत नाहीत. शिवाय ती ठेवली तर काकडी कडू होते. मी सगळं वाचलंय. रोज सकाळी, मीटिंगच्या आधी, एकही सुटू दिलं नाही."

त्याचं वाचणंही खोटं नव्हतं, हीच तर खरी चीड. दुकानात मिळते ती लांब, बिनबियांची काकडी नराशिवाय धरते, आणि तिच्याजवळ नर ठेवायचे नसतात. पण ती काकडी वेगळी आणि ही वेगळी. हे विचारायला तीन जिने उतरावे लागले असते. बाई खालीच बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी लावून. तोंडावर पट्टी नव्हती.

"फक्त ही छोटी फळं गळतायत," जावई पुढे म्हणाला. "बहुतेक खत कमी पडतंय."

बाईंनी एकतीस वर्षांत बिनतिकिटाचे बहाद्दर बसमधून उतरवले होते, दारुडे उतरवले होते, एकदा एका साहेबालाही उतरवलं होतं. पण जावयाला कुठे उतरवणार. त्या म्हणाल्या, "बरं," आणि खाली आल्या. स्वयंपाकघरात भांडी अशी वाजली की मेकॅनिकने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आई, रागावू नकोस," लेक म्हणाली. "त्यांनी मनापासून केलं."

"मनापासून केलं म्हणूनच एक फूल उरलं नाही. अंग चोरलं असतं तर चार तरी वाचली असती."

"एवढं काय गं, काकडीच तर आहे."

"तुझ्या आजीची आहे. आणि आता ती कुठेही नाही, अगदी त्यांच्या मोबाइलमध्येसुद्धा नाही."

"असू दे, कंडक्टर," मेकॅनिक म्हणाला. "जावई आहेत."

"जावई आहेत म्हणून मी तासभर गप्प आहे. आता माझा स्टॉप आला."

बाई उठल्या, जावयाच्या टेबलापाशी गेल्या आणि मीटिंग संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो बिचारा पडद्यावरच्या माणसांना सोडून यांच्याकडेच बघत होता.

"जावईबापू, तुम्ही रोज सकाळी नवरे मारलेत आणि आता विचारताय, पोरं का होत नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रिकामा डबा त्याच्यासमोर उपडा करून दाखवला. जावयाचे कान लाल झाले. "पण मी वाचलं होतं..." असं त्याने सुरू केलं आणि स्वतःच थांबला.

गारठ्याचे दिवस जवळ आले होते. वेलांची खालची पानं पिवळी पडू लागली होती, फार तर दोन-तीन आठवडे त्यांनी दम धरला असता. आता शेंड्याकडे नवी नर फुलं येण्याची वाट बघायची. आली, आठ दिवसांनी, एक. त्या दिवशी मादी एकही उमललेली नव्हती. दोन दिवसांनी सकाळी आणखी एक नर आणि एक मादी एकदम उमलली.

बाईंनी नर तोडला, पाकळ्या सोलल्या आणि हात पुढे नेला, तर दांडा फुलाच्या बाजूने हवेतच गेला. एक डोळा नवा, एक अजून जुना, दोघांचं जमत नव्हतं. मेकॅनिकची बोटं तर पान्याची, फुलाच्या कामाची नव्हेत. बाईंनी दात ओठ खाल्ले आणि जिन्यात हाक दिली, "जावईबापू, वर या. मोबाइल खाली ठेवून."

तो आला. बाई मागे उभ्या राहून सांगत होत्या, "दाबू नका. घंटी वाजवायची नाहीये. हलकेच, गोल. अजून एकदा. श्वास सोडा, माणसासारखं उभं राहा." त्याच्या कपाळाला घाम आला होता. मग बाईंनी त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना बजावलं, त्या दोऱ्याच्या तीन फुटांत कुणी यायचं नाही.

ती एकच काकडी धरली. तिला खायची नव्हती, वेलावरच पिकू द्यायची होती. मेकॅनिकने काचांच्या फटी जुन्या रबराने बुजवल्या. वेल वाळत गेला, काकडी आधी पिवळी आणि मग तांबूस झाली. शेवटी बाईंनी ती चिरली, बी धुऊन पसरलं. टपोरं, भरलेलं बी, साठाच्या वर.

तोवर लेकीने गल्लीभर सांगून टाकलं होतं. काय सांगितलं, ते शेजारच्या शिंपीणबाई बी मागायला आल्या तेव्हा कळलं.

"जावयाच्या काकडीचं बी द्या ना थोडं. तुमची जात त्यांनी वाचवली म्हणे. नशीबवान आहात हो."

लेक पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिने नजर वळवली. जावई दाराशीच होता. कुणी मारलं ते राहिलं बाजूला, वाचवल्याचा हार मात्र तयार.

"वाचवली," बाई म्हणाल्या, एकेक शब्द तिकिटासारखा फाडत. "कुणापासून वाचवली, ते नाही सांगितलं का लेकीने?"

शिंपीणबाई गोंधळल्या. लेक पुटपुटली, "आई, पाहुण्यांसमोर..."

"खरं आहे त्यांचं," जावई म्हणाला. "तीन आठवडे सगळी नर फुलं मीच तोडली. न विचारता. त्यांनी पाठीशी उभं राहून शिकवलं म्हणून एक धरली."

मेकॅनिकने सासऱ्याला न शोभेल अशी खुशीची मान हलवली. बाईंनी शिंपीणबाईंना सहा बिया कागदात बांधून दिल्या, जाळीशिवाय लावायचं नाही असं दोनदा बजावलं. मग जावयासमोर आल्या आणि त्याच्या तळहातावर चार बिया मोजून ठेवल्या.

"चारच?" तो म्हणाला.

"मला तुम्ही शून्यावर आणलं होतं. त्या मानाने पुष्कळ आहेत."