नसरीन आणि आभाळातली धूळ

नसरीन गेली तेव्हा तिच्या नावावर एकही शोध नव्हता.

एक लागला होता. तो तिनेच खोडला.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

अंबाजोगाईला कॉलेजात आम्ही रूममेट. ती चौसाळ्याची, तिचे अब्बा ट्रॅक्टर मेकॅनिक. पुढे मी लग्न होऊन तिच्याच गावात आले, महिला दूध संस्थेची सचिव झाले. ती पीएचडीला पुण्याला गेली.

तिचा विषय होता, आपल्या आकाशगंगेतून निघणाऱ्या मायक्रोवेव्हचं मॉडेल.

तिथली धूळ, वायू, इलेक्ट्रॉन, सगळ्यांतून मायक्रोवेव्ह निघतात. त्यांच्या पलीकडे विश्वाच्या सुरुवातीचा फिकट उजेड आहे. तो बघायचा तर आधी आपल्या आकाशगंगेचा वाटा बरोबर काढून वजा करायचा.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात अब्बा आजारी पडले आणि ती लॅपटॉप घेऊन घरी आली. घरी लाइट टिकेना. इकडे जनावरं चारा छावणीत, संस्थेत दूध जवळपास बंद. पण इन्व्हर्टर आणि नेट चालू होतं.

मी म्हणलं, "इथं येऊन बस की."

आमच्या अध्यक्ष काकूंनी एकदा विचारलं, "दिसभर काय करती गं ही?"

"काकू, आभाळातली धूळ मोजतेय."

"आन् आपल्या हितली कुनी मोजायची?"

नसरीन लई हसली. दुसऱ्या दिवशी काकूंनी टँकरच्या पाण्याचा एक माठ तिच्या टेबलाशेजारी आणून ठेवला.

त्याच दिवसांत तिच्या आभाळाच्या नकाशात उजेडाचा एक डाग उरला. सगळं वजा केलं तरी जाईना. तिचे सर खूश. हे काहीतरी नवीन आहे म्हणाले, पेपर लिहायला घेतला. त्याच्या जोरावर परदेशातली एक पोस्टही ठरल्यासारखी झाली. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले.

नसरीन मात्र तो नकाशा परत परत उघडून बघत होती.

मी विचारलं, "कावून गं?"

"मी सगळीकडच्या धुळीचं तापमान एकच धरलंय. तिथली जरा जास्त थंड असली तर? तिचा वाटा मी कमीच वजा केला असेल."

"कुणी विचारलंय का तुला?"

"मीच विचारतेय ना."

तिने प्रत्येक भागाचं तापमान वेगळं धरून मॉडेल परत चालवलं.

डाग गेला.

मग तिने माझ्यासमोरच सरांना फोन लावला.

"सर, ती आपलीच धूळ आहे. पेपर थांबवा."

सर म्हणाले, "घरचं टेन्शन आहे, थकली आहेस तू. नंतर बोलू."

"थकलेय सर. पण डाग नाहीये."

पेपर थांबला. पोस्ट दुसऱ्या कुणाला गेली.

अब्बा काही दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "पेढे तर लोकांनी खाल्ले बेटा. आता काय परत मागायचे?"

तेव्हा कुठे ती रडली.

पीएचडी उशिरा झाली. नंतर ती अंबाजोगाईलाच शिकवायला लागली. तिचं धुळीचं मॉडेल पुढे इतरांनी वापरलं. त्यांच्या पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात तिचं नाव यायचं, आणि ती मला स्क्रीनशॉट पाठवायची. सोबत एक शब्द नाही.

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. न राहवून विचारलं, "वाईट वाटतं का गं, त्या पोस्टचं?"

"वाटतं की कधी कधी. तिथं बर्फ पडतो म्हणे. मला एकदा बघायचा होता."

नसरीन, तुझी लई आठवण येते.

अल्लाह तुला जन्नत नसीब करो. आम्हा सगळ्या संस्थेच्या बायांचा तुला सलाम.