मागच्या सीटवरचा नंदूमामा

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून रविवारचा वारा बघत होते. म्हणजे मोबाइलवर. कुठून येणार, किती येणार, ऊन चढल्यावर वाढणार का... आठवडा अर्धा झाला की आमचं हेच सुरू व्हायचं, माझं आणि नंदूमामाचं. रविवारी सकाळी वारा अगदी पडलेला दिसत होता, मस्त, आणि मी तसा स्क्रीनशॉट मामाला पाठवलापण होता. तेवढ्यात आई. नंदू गेला, म्हणाली. त्याच्या कंपनीतच, जेवायच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी छातीत कळ आली आणि... हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचला नाही. लोकं म्हणतात अशा वेळी पायाखालची जमीन सरकते वगैरे. माझं तसं काही झालं नाही. मी जागेवर बसून वाऱ्याचा तो नकाशा बघत राहिले. निळे बाण हलत होते स्क्रीनवर, आणि मला वाटलं, अरे, म्हणजे आता रविवारी काय?

नंदूमामा आईचा धाकटा भाऊ. तळवलीचा. आजोबांच्या घराच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात चौथ्या मजल्यावर हा एकटा राहायचा, खाली मोठा मामा आणि मामी. लग्न नाही केलं. का नाही, असं कुणी विचारलं की "राहून गेला" एवढंच म्हणायचा आणि चहाचं विचारायचा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क. साधा, गप्प माणूस, सोसायटीच्या मीटिंगमध्येपण शेवटच्या खुर्चीवर. आणि पन्नाशी उलटल्यावर या माणसाने एक दिवस ऑनलाइन बोट मागवली! हवेची कयाक, दोघांनी बसायची. पंपाने फुगवायची, वल्हवून झालं की हवा काढून घडी घालून बॅगेत भरायची. मी म्हटलं मामा, तू एकटा, दोघांची कशाला घेतलीस? तर म्हणाला, "एकट्याची घेतली असती तर तू आली असतीस का?"

ती बोट आता आमच्याकडे आहे, जुईनगरला. मामाचे दिवस झाल्यावर मोठ्या मामी ती बॅग घेऊन आल्या, आमच्याकडं ठेवायला जागा नाय आणि बघवत पन नाय, म्हणाल्या. आमच्याकडे तरी कुठे जागा! वन बीएचकेमध्ये आम्ही तिघं. बॅग हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला उभी केली, जाता-येता तिला अडखळायचं आणि मग ती अजून थोडी भिंतीकडे सरकवायची. शेवटी आई म्हणाली, चालवणार असशील तर ठेव, नुसती बघून रडायला ठेवणार असशील तर देऊन टाकू कुणालातरी. बरोबरच होतं तिचं. पण बोट दोघांची. आणि माझ्याबरोबर येणारा एकच माणूस होता. मैत्रिणींना विचारलं तर एकीला पोहता येत नाही, एकीला रविवारी झोपायचं असतं. म्हणजे एकटीने चालवता आली तर बोट राहणार, नाहीतर जाणार... आणि बोट गेली की मामाचं माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

आमचं ठरलेलं असायचं. मामा उजाडताना त्याची जुनी गाडी घेऊन जुईनगरला यायचा, हॉर्न नाही मारायचा, मिस्ड कॉल द्यायचा. नावड्याला थांबून टपरीवर चहा आणि अंडापाव, मग पनवेलच्या पुढे एका गावाचं तळं. कधी पावसाळा संपता संपता नदीला पाणी शांत असलं की नदीत. पंप मारताना पहिले मी, मग तो, आणि दोघंही दुसऱ्याला, जोर लाव की, खाल्लं नाही का, असं. पाण्यावर गेलं की मात्र बाकी सगळं बंद पडल्यासारखं वाटायचं. ऑफिस नाही, टार्गेट नाही, टेन्शन नाही. नुसता वल्ह्याचा आवाज.

तळवलीत याची चेष्टा किती व्हायची! आजोबांची खाडीत मासेमारीची होडी होती ना. त्या घरात पाण्यावरून आलेल्या माणसाला एकच गोष्ट विचारतात, काय मिळालं? आणि हे महाशय दर रविवारी भिजून, रापून, रिकाम्या हाताने परत. मोठा मामा म्हणायचा, बाप पोटासाठी होडी हाकायचा, हा पेट्रोल जाळून हाकाया जातो. एकदा मला फार राग आला. येताना मार्केटजवळ गाडी थांबवायला लावली आणि मी मासे घेतले. चांगले ताजे, गोल, चकचकीत. म्हटलं आज मामींना दाखवतेच. नंदूमामा पिशवी धरून सगळं बघत होता. दारातच पिशवी मामींच्या हातात दिली आणि मी अगदी रंगवून सांगायला लागले, जाळं उसनं घेतलं, मामाने कसं टाकलं... मामींनी पिशवीत बघितलं. मग माझ्याकडे.

"तल्यान पापलेटं कुठशी आली गो?"

समुद्रातला मासा तळ्यात नसतो हे जुईनगरमध्ये वाढलेल्या मला कसं कळणार! मामी भिंतीला टेकून हसत होत्या, मोठा मामा आतून विचारतोय काय झालं, आणि नंदूमामा जिन्यावर खाली बसून डोळे पुसत होता. पुढचे कितीतरी दिवस मला सगळे विचारायचे, या रविवारी सुरमई आन हां. मामा त्या दिवशी जेवताना म्हणाला की तुला मार्केटमध्येच थांबवणार होतो, पण तू इतकी खुशीत होतीस.

आता मुख्य सांगायचं ते राहिलंच. दोघांच्या कयाकमध्ये एक पुढे बसतो, एक मागे. पुढच्याने लय धरायची, मागच्याने दिशा सांभाळायची. मी पुढे, मामा मागे. पहिल्याच वेळी एक खंड्या दिसला, निळाशार, आणि मी सीटवरच गर्रकन वळले, मामा बघ म्हणायला. बोट हलकी. दोघंही पाण्यात! मामाचा चष्मा गेला तो गेलाच. त्यानंतर नियम झाला, पाण्यावर असताना मागे वळायचं नाही. "मांगं वलू नको. तू बोल, मी ऐकतो हाय."

तर मी बोलायचे. पुढे बघून. आणि गंमत म्हणजे, समोर तोंड नसलं की माणूस काहीही बोलतो. मी काय काय सांगितलंय त्याला त्या पुढच्या सीटवरून... ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो कसा गेला ते. ऑफिसमध्ये बाथरूममध्ये जाऊन रडते ते. आईला यातलं अर्धंही माहीत नाही, आता हे वाचून कळेल. मामा लगेच उत्तर द्यायचा नाही. दहा-बारा वेळा वल्हं पडायचं पाण्यात, मला वाटायचं ऐकलंच नाही, आणि मग मागून एखादं वाक्य यायचं. सल्ला नाही द्यायचा कधी. "मंग तू काय बोललीस?" असंच काहीतरी. आणि मग मी अजून बोलायचे.

स्वतःबद्दल तो एकदाच बोलला. नदीत होतो, ऊन उतरत आलं होतं. मी म्हटलं मामा, आता घरी जाऊन काय करणार? मागून म्हणाला, "टीव्ही लावतो. बघत नाय. घरान कोन बोलतंय असा वाटतं."

मला तेव्हा वळावंसं वाटलं. फार वाटलं. पण नियम होता, आणि मला आता वाटतं, नियम होता म्हणूनच तो बोलला. मी फक्त जरा हळू वल्हवायला लागले, म्हणजे किनारा उशिरा यावा. त्यानेही मागून हळू केलं.

फोटोंचं सांगते. फोटो काढायचा तो मामाच, कारण मागे तो. दर रविवारी संध्याकाळी मला पाठवायचा. माझ्याकडे आता माझ्या स्वतःच्या पाठीचे ढीगभर फोटो आहेत. लाल लाइफ जॅकेट, वेणी, पुढे पाणी. पाण्यावरच्या मामाचा एकही नाही. तो वल्हवताना कसा दिसायचा ते मला खरंच माहीत नाही. माझ्याकडे त्याचा फक्त आवाज आहे.

मागच्या रविवारी तळ्यावर गेले. एकटीला सोडणार नाही म्हणून आई आली. कॅब केली, बॅग कशीबशी कोंबली. पंप एकटीनेच मारला. आई काठावर दगडावर बसली, पदर डोक्यावर घेऊन, आणि मी बोट पाण्यात ढकलून बसले... पुढच्या सीटवर. सवयीने. दुसरीकडे बसायचं डोक्यातच आलं नाही. दोन हात मारले तर बोटीचं नाक खाली, शेपूट वर, आणि शेपटाला वारा लागून ती गोल फिरायला लागली. डावीकडे मारलं तरी गोल, उजवीकडे मारलं तरी गोल. मनात आलं, झालं, नाही जमणार, देऊन टाकावी लागणार. कशीबशी काठाला आणली. आई उठून पाण्याजवळ आली होती. होडीवाल्याची मुलगी ती. शांतपणे म्हणाली,

"एकट्या माणसाने मागे बसायचं असतं. नंदूच्या जागेवर बस."

मी म्हटलं नाही. तिने बोटीची बॅग उचलली, पाण्याचा कॅन त्यात घातला आणि वजनाला म्हणून माझ्या सीटवर ठेवून दिली. मग बोट धरून उभी राहिली. गुडघ्यापर्यंत पाण्यात, साडी भिजतेय. मग मी मागे बसले.

सरळ गेली. खरंच सांगते, दोऱ्याने ओढल्यासारखी सरळ गेली. तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन थांबले. समोर माझी जागा, तिथे बॅग. मामाला इतके रविवार हे दिसत होतं, मी. मला काहीतरी बोलायचं होतं, तोंडपण उघडलं, पण मागे बसून बोलायची सवय नाही मला... मागे बसलेल्याने ऐकायचं असतं. ऐकत बसले. वारा आता पडला होता. काठावर आई एवढीशी दिसत होती.

बोट आता सोफ्याशेजारी नाही, माझ्या पलंगाखाली आहे. आईने स्वतः जागा केली. परत या रविवारी जाणार आहे. एक गोष्ट फक्त राहिलीये. मागच्या सीटसमोर पाय टेकायला एक आडवी पट्टी असते, ती मामाच्या उंचीला लावलेली आहे. माझे पाय तिथपर्यंत पोचत नाहीत, म्हणून वल्हं मारलं की मी सीटवरून घसरते, परत मागे सरकते, परत घसरते. काठावरून आईला दिसलं ते, पट्टी जवळ घे म्हणाली. एक क्लिप दाबायची, की सरकते. घरी आल्यावर बोट पुसताना मी क्लिपवर अंगठा ठेवलापण होता. आणि तसंच पुसून, घडी घालून ठेवून दिली.