गेटवरची भजीवाली

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्या. पण ती भजीवाली लिहून ठेवावीच वाटते.

नांदेडच्या दवाखान्यात माझ्या तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. गेटवर तिच्या गाड्यापाशी सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "हिनं दोन जीवाची असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून लेकराच्या काळजाला भोक पडलं." मी मान खाली घालून आतल्या आत जळायचे.

भजीवाली गिऱ्हाइकांशी बोलत, न बघता हातावरच कांदा चिरायची. एक दिवस सासूबाईंचं हे बोलणं ऐकून तिचा हात थांबला. सुरी आमच्याकडे रोखून म्हणाली, "मावशे, पाच लेकरं झाली मला. ग्रहण असो का अमावस्या, गाडा कधी बंद न्हाई ठेवला. पाची धडधाकट हायत. आता सांग, माझी सुरी लई चांगली हाय, का तुझी जीभच खराब हाय?"

सासूबाई गप्प झाल्या. पण जळकोटला घरी पोचेपर्यंतच; तिथं पुन्हा तेच ग्रहण, तीच भाजी.

बाळ आता पळतं. ऑपरेशनासाठी माझ्या भावाकडून घेतलेले पैसे परवा पूर्ण फिटले. सासूबाई म्हणाल्या, "फिटलं बाई एकदाचं."

मी पहिल्यांदाच मान वर केली.

"पैसे फिटले. तुम्ही मला बोललात, ते अजून फिटायचं बाकी हाय."