कुठला बी चालंल म्हणू नका

गिऱ्हाइकानं मालकांसमोर "कुठला बी चालंल" म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवत असे. आता बराच वेळ दुकानात दुसरं काही होणार नाही, हे मला ठाऊक असे.

"कुठला बी?" मालक विचारत. "जत्रंत फुगा घ्यायला आलाय व्हय पावणं? बसा."

मग चौकशी सुरू. कॉम्प्युटर कशाला पाहिजे, पोरगं कितवीला हाय, तुमच्यात लाईट किती जाती, टेबल खिडकीजवळ हाय का. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "घरात उंदीर हाईत का?" इथं माणूस हटकून हसायचा. मालक हसत नसत. "हसू नगा. उंदरानं वायर खाल्ली तर तुमी गावभर माझं नाव घेणार, उंदराचं न्हाय." एवढं झाल्यावर ते जो कॉम्प्युटर सांगत तो बहुतेक वेळा माणसाच्या मनातल्यापेक्षा स्वस्त असायचा. याबद्दल मी त्यांना अनेकदा बोलले. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

मंगळवार पेठेत त्यांना सगळे बापू म्हणत. मी कामाला होते, म्हणून मालक म्हणायची. मूळचे मुरगूडचे. आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. नव्वदनंतर कॉम्प्युटरकडे वळले. दुकान म्हणजे एक गाळा, मागं माळा, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली आकारानं लावलेले स्क्रू ड्रायव्हर. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. दुकानात बिलं करायला आणि फोन घ्यायला मुलगी पाहिजे असं कळलं म्हणून गेले. मालकांनी माझी गुणपत्रिका बघितली नाही. एक बंद पडलेला कॉम्प्युटर पुढ्यात ठेवला, स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "उघडा बघू."

"मला यातलं काही येत नाही," मी म्हटलं.

"मग तर उघडाच की."

मी उघडला. आत जळमटं आणि एक मेलेली पाल निघाली. मी पाल कागदानं उचलून बाहेर टाकली आणि पुढं काय करायचं विचारलं. "उद्यापासून या, मॅडम," ते म्हणाले. तेव्हापासून मी मॅडम झाले. दुकान बंद होईपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मालकांची एक रीत होती. कॉम्प्युटर ते गिऱ्हाइकासमोरच जोडत. मागं माळ्यावर तयार करून आणून ठेवला असता तर दुपटीनं काम झालं असतं. पण नाही. माणसाला स्टुलावर बसवायचं, एकेक भाग हातात देऊन हे काय, हे कशासाठी, ते सांगायचं. सगळं जोडून झालं की झाकणाचा शेवटचा स्क्रू तेवढा ठेवायचा आणि स्क्रू ड्रायव्हर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "ह्यो तुमी बसवा. आता तुमचा झाला."

मार्केट यार्डातले गुळाचे एक अडते पहिला कॉम्प्युटर न्यायला आले, ते नारळ, हळदकुंकू आणि दोन पुतणे घेऊनच. नारळ कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर फोडायच्या बेतात होते. मालकांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "शेठ, नारळ भाईर पायरीवर फोडा. पाणी आत गेलं तर तुमचा देव बी यायचा न्हाय आन् मी बी यायचा न्हाय." शेठनी पायरीवर नारळ फोडला, आत येऊन स्क्रू बसवला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. पुढं त्यांच्या घरातला आणि अडतीतला प्रत्येक कॉम्प्युटर आमच्याकडूनच गेला. प्रत्येक वेळी शेठ स्वतः यायचे, स्क्रू बसवायला.

या रीतीमागं मालकांचा एक नियम होता. जे मला उघडता येत न्हाय, ते मी इकणार न्हाय. लॅपटॉप आले तेव्हा ते वर्षभर विकले नाहीत. कुठून तरी दोन मेलेले लॅपटॉप मिळवले, त्यांचे तुकडे केले, परत जोडले, आणि मगच दुकानात लॅपटॉप ठेवला. बिघडला की फेकून द्यायचा असा एक प्रिंटर निघाला होता, सगळं गाव विकत होतं. आमच्याकडे तो कधीच आला नाही. साध्या मोबाईलवर मात्र त्यांचा राग नव्हता. मागचं झाकण निघतं, बॅटरी निघते, आतलं दिसतं. "ह्यो आपल्यातला हाय," म्हणायचे.

पुराच्या वर्षी नदीकडच्या पेठांतून हातगाड्यांवर घालून लोकांनी कॉम्प्युटर आणले. काहींच्या आत ओंजळभर चिखल. मालकांनी प्रत्येकाला आधी एकच विचारलं, "चालू करून बघितला न्हाय ना?" ज्यांनी बघितला होता त्यांना परत पाठवलं. बाकीचे उघडले, स्वच्छ पाण्यानं आणि जुन्या दाताच्या ब्रशनं धुतले. बाहेर ऊन नव्हतं. वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, उन्हाळ्यात ज्या जुन्या साड्यांवर कुरडया घालायच्या, त्या साड्या घरात पसरून पंख्याखाली मदरबोर्ड वाळत घातले. वहिनींना चार दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या मालकाला सांगा, एकदा मलाबी उघडून बघा म्हणावं, आत किती चिखल साठलाय." मी सांगितलं. मालक ब्रश थांबवून म्हणाले, "पाण्यानं कॉम्प्युटर मरत न्हाय मॅडम. घाईनं मरतोय." एवढंच. आणि ब्रश परत चालू झाला.

त्या पुरानंतर मालकांचा शब्द म्हणजे पेठेत शिक्का झाला. मिक्सर घ्यायचा, बापूला विचार. मुलाला कुठल्या कोर्सला घालू, बापूला विचार. फुकट सल्ला घेऊन माणसं राजारामपुरीतल्या मोठ्या दुकानांत जाऊन खरेदी करायची. मी चिडायची. मालक म्हणायचे, "विचारायला तरी येत्यात की."

खरं म्हणजे तेव्हाच विचारायला येणारी जास्त आणि घ्यायला येणारी कमी व्हायला लागली होती. ज्यांना कॉम्प्युटर घ्यायचे होते त्यांनी घेतले होते. मोठ्या शोरूममध्ये तयार, सीलबंद डबे हप्त्यावर मिळायला लागले. मालकांची मुलगी नर्सिंगला सांगलीत शिकत होती, तिची दोन वर्षं बाकी होती. माझाही पगार याच गाळ्यातून निघत होता. एखादा दिवस दुपारपर्यंत एकही माणूस आला नाही की मालक भिंतीवरचे स्क्रू ड्रायव्हर काढून पुसायचे आणि परत त्याच जागी लावायचे.

अशात तो फोन आला. बटणं नसलेला, नुसती काच. एका बड्या कंपनीचा, पेपरात पान भरून जाहिरात. कंपनीचा एजंट आमच्या दुकानात आला, त्याचं कारण सरळ होतं. त्यानं पेठेत चौकशी केली होती आणि सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, बापू काय म्हणतोय बघू. त्याचा प्रस्ताव चांगला होता. दुकानात काउंटर, बोर्ड, दिवे सगळं कंपनीचं. रविवारी दुकानातच समारंभ. मालकांनी फक्त फोन हातात घेऊन चार शब्द बोलायचे. तोवर वापरून बघायला एक फोन तो ठेवून गेला.

मालकांनी आधी तो उलटा केला. मग आडवा. मग भिंगाखाली धरून कडेनं नख फिरवलं.

"स्क्रू कुठाय ह्याचा?"

एजंट जाताना सांगून गेला होता, ते मी पुन्हा सांगितलं. तो बाहेर कुणी उघडायचा नाही. कंपनी सुटे भागही देत नाही. बिघडला की कंपनीकडे पाठवायचा.

तरी आठवडाभर तो फोन मालकांच्या हातातून सुटला नाही. एका दुपारी मला बोलावलं आणि काचेवर नकाशा दाखवला. दोन बोटांनी ताणत ताणत मुरगूडचं तळं मोठं केलं. तळ्याच्या काठानं बोट नेत एका गल्लीवर थांबले. "ह्यो आमच्या घराचा पत्रा," म्हणाले. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मॅडम, ह्यो आपल्याला खाणार."

"मग विकायला घ्या," मी म्हटलं. "खाणारा आपल्या दुकानात असू दे."

"इकला, आन् बिघडला, तर तो माणूस कुणाकडं येणार?"

"तुमच्याकडे."

"मी काय सांगू त्याला? मला येत न्हाय?"

"सांगा. सगळे सांगतात."

"सगळी सांगत्यात म्हणून तर माणसं माझ्याकडं येत्यात की."

"मालक, मी खोटं बोला म्हणत नाही. फोन चांगला आहे. चांगला आहे म्हणा आणि विका. पोरीची दोन वर्षं राहिलीत."

पोरीचं नाव काढल्यावर त्यांनी पालथा फोन परत सुलटा केला. मला वाटलं, पटलं. त्या रात्री मी निवांत झोपले, हे आठवतं.

रविवारी दुकानासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. फुगे, पेढे, कंपनीचा लांबलचक फलक. पेठ लोटली होती. गुळाचे शेठ पहिल्या रांगेत. एजंटनं बोलून घेतलं आणि मालकांच्या हातात फोन दिला. मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी फोन वर धरला.

"फोन चांगला हाय," ते म्हणाले. "असला मी बघितला न्हवता. ज्यांना जमतंय त्यांनी घ्या."

एजंट टाळ्या वाजवायला लागला.

"पण माझ्याकडनं घेऊ नगा. ह्यो मला उघडता येत न्हाय. बिघडला तर मी काय बी करू शकणार न्हाय. राजारामपुरीत शोरूम हाय, तिथं जावा. पेढं खाऊन जावा."

एजंटच्या टाळ्या थांबल्या. मग शेठ मोठ्यानं म्हणाले, "आरं बापू, मग आमचा शेवटचा स्क्रू?"

"ह्याला स्क्रूच न्हाय, शेठ."

माणसं हसली. त्यांना ती गंमत वाटली. एजंट माझ्याकडे बघत होता, जणू मी काहीतरी करू शकेन. मी पेढ्यांचा बॉक्स फिरवला. दुसरं काय करणार?

पेठेनं बापूंचा शब्द ऐकला. पुरता ऐकला. माणसं राजारामपुरीत गेली आणि फोन घेऊन आली. घरातल्या कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ पडला. दुकानावरून जाताना आधी जे आत डोकावायचे, ते आता हातातल्या काचेत बघत पुढं निघून जात. काही जण थांबायचे ते फोनची शंका विचारायला. मालक बघून सांगायचे आणि ते जायचे. त्यानंतर आमच्या दुकानात एकाही गिऱ्हाइकानं शेवटचा स्क्रू बसवला नाही.

वहिनी एकदा दुकानात येऊन माझ्यापुढं बसल्या. "तुमी तरी सांगा की ओ त्यांना."

"सांगितलं, वहिनी."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तोवर एजंटनं समोरच्या स्टेशनरीवाल्याला काउंटर दिलं होतं. एका पेठेत दोन देणार नव्हते. मालकांनी ऐकून घेतलं आणि स्क्रू ड्रायव्हर पुसायला काढले. मी त्या दिवशी खरोखर भांडले. तुमच्या तत्त्वावर मुलीच्या वसतिगृहात जेवण मिळत नाही, असंही म्हणाले. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." माझं बरोबर होतं. त्याचा कुणालाही उपयोग झाला नाही.

मला एका दूध संस्थेच्या ऑफिसात नोकरी लागली. मालकांनीच तिथं शब्द टाकला होता, तिथले कॉम्प्युटर त्यांनी जोडलेले. दोन महिन्यांनी त्यांनी गाळा सोडला. सामान हलवायला मी गेले होते. कॅबिनेटं भंगारवाल्यानं किलोवर नेली. मालक भाव करत बसले नाहीत, तो मी केला. दारावरचा बोर्ड मालकांनी उतरवला. त्याचे स्क्रू गंजले होते, तेल घालून एकेक काढले, आणि सवयीनं शेवटच्या स्क्रूपाशी थांबून स्क्रू ड्रायव्हर पुढं केला. पायरीवर मी सोडून कुणी नव्हतं. मी काढला.

पुढच्या वर्षी माझा साधा मोबाईल बंद पडला. ऑफिसात सगळ्यांकडे काचेचे फोन आले होते, मीही घ्यायचं ठरवलं आणि राजारामपुरीतल्या शोरूममध्ये गेले. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला, उंच स्टुलावर मालक बसले होते. कंपनीचा निळा टी-शर्ट, पँटीत खोचलेला. शोरूमवाल्यानं त्यांना कामाला ठेवलं होतं. पेठेतली माणसं त्यांना बघून आत येतात, एवढंच काम. मुलीचं शेवटचं वर्ष सुरू होतं.

"या मॅडम," ते म्हणाले. उठले नाहीत. उठायचं नसतं तिथं, असं कुणीतरी सांगितलं असावं.

वहिनींची, मुलीची चौकशी झाली. मग मी काउंटरकडे बघितलं. काचेखाली फोन ओळीनं मांडलेले, सगळे काळे, सगळे सारखे.

"मालक, कुठला घेऊ?"

मी वाट बघितली. कशाला पाहिजे, ऑफिसात रेंज येते का, हातातून वस्तू पडतात का, घरात उंदीर आहेत का. काहीही चाललं असतं.

त्यांनी काउंटरकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुठला बी घ्या, मॅडम," ते म्हणाले.

मी घेतला, कुठला तरी. काउंटरवरच्या पोरानं डबा माझ्यासमोर फोडला, फोन चालू करून हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाहेर पडताना मी स्टुलाकडे बघितलं नाही.