टाकळखेडीचा पाणघोडा

पाहुणा येणार म्हटलं, की माझी जाऊबाई प्रभावती हातात राख घेतेच. तांबे, पितळ्या, अगदी दाराची कडीसुद्धा ती घासून लख्ख करते. या सवयीपायी एकदा तिनं साऱ्या गावाच्या मानावर पाणी सोडायची वेळ आणली होती.

आमची टाकळखेडी राळेगाव तालुक्यात, पण नदीपासून लांब. मार्च लागला की टँकरची वाट पाहायची. प्रभावतीचं माहेर मात्र वर्धेच्या काठावरचं. तिचा भाऊ देवराव भेटला की चिडवायचा, "बाई, तुले बाबानं कोरड्यात देलं!" ती हसण्यावारी न्यायची, पण तिला ते झोंबायचं. सासरच्या गावाला कुणी नावं ठेवलेली तिला अजिबात खपत नाहीत.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आम्ही भिंती पोतारतो. त्यासाठीची पांढरी माती गावामागच्या नाल्याच्या दरडीतून आणतो. तिथं प्रत्येक घराची खोबण ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. दुसरीच्या खोबणीत खुरपं घातलं तर वर्षभर बोलणं बंद. त्या वर्षी आमच्या खोबणीत प्रभावतीच्या खुरप्याला एक वाकडा, वीतभराहून लांब दगड लागला. बाहेर काढून पाहिलं तर तो दगड नव्हता, दात होता. शाळेतल्या सरांनी फोटो पाठवला आणि नागपूरहून पद्मजा मॅडम तो पाहायला निघाल्या. जुन्या हाडांचा अभ्यास हेच त्यांचं काम.

पाहुणे येणार म्हटल्यावर काय! बाईनं दात घासून चकचकीत केला आणि धुतलेल्या टॉवेलवर मांडला.

मॅडम हरखल्याच. म्हणाल्या, "हा पाणघोड्याचा सुळा आहे, हजारो वर्षांपूर्वीचा. पाणघोड्याला दिवसभर पाण्यात राहावं लागतं, नाहीतर त्याची कातडी सुकते. रात्री तो काठावर गवत चरतो. म्हणजे तो जिथं राहत होता, तिथं भर उन्हाळ्यातही खोल पाणी होतं आणि भोवती कुरण होतं."

जमलेले बाप्ये हसले. "इथं म्हशीले डुंबाले पानी नाही, अन् पानघोडा कुठून आला?"

प्रभावतीची मान मात्र ताठ झाली होती. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "याला चिकटलेली माती कुठाय?"

"घासून काढली न! तुमी येनार होत्या म्हनून."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या मातीवरूनच तर सुळा कुठला ते कळणार होतं. आता तो नदीकाठी सापडून कुणी इथं आणला असेल, असंही कुणी म्हणू शकत होतं. त्यांनी सहज विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" खोटं बोलणं बाईच्या रक्तातच नाही. "वर्धेच्या काठचं," ती म्हणाली.

"मग ठिकाण नक्की नाही, असंच मला लिहावं लागेल."

बाई मटकन खालीच बसली. सासूबाई गेल्या तेव्हाही मी तिला इतकी खचलेली पाहिली नव्हती. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू! पण घटकाभरात ती पदर खोचून उठली. "चाला मॅडम. आमच्या खोबनीले दुसऱ्या कोनाचा हात लागत नाही. मी ठेवली तशीच असन ते."

आणि तशीच होती. मॅडम ब्रशनं दाणा दाणा माती झाडू लागल्या. आधी बारीक शंख निघाले, संथ पाण्यातल्या गोगलगायींचे. मग दुपार कलताना करड्या हाडाची एक कड दिसली. तो जबडा होता आणि त्यात पुढच्या बाजूला एक रिकामं भोक होतं. मॅडमनी सुळा प्रभावतीच्या हाती दिला. "तुम्हीच बसवून बघा."

तिनं तो भोकाला लावला. सुळा आत सरकला आणि मुळापर्यंत बसला. सुळ्याची तुटलेली कडसुद्धा जबड्याच्या कडेला जुळली.

"टाकळखेडीचाच आहे हा!" मॅडम ओरडल्याच. "तुमच्या गावात बारमाही पाणी होतं हो!"

प्रभावती तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं दरडीवर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि कडाडली, "असे पाहून काय राह्यले? आपल्या गावाचं हाय हे! टाळ्या वाजवा न!"

सगळ्यात जोरात मी वाजवल्या.