लंगडीचा ठोका

जॉबरकाकांचे कान काही एका दिवसात गेले नाहीत. एकतीस वर्षं रोज थोडे थोडे गेले. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची बेल, मग फोनची घंटी, आणि सगळ्यात शेवटी बायकोची कुरकुर. ती गेली तेव्हा फार बरं वाटलं, असं ते स्वतःच छाती पुढे काढून सांगायचे. पण त्यांचं सांगून होईपर्यंत काकू तीच कुरकुर हातवाऱ्यांनी त्यांच्यासमोर मांडून मोकळ्या व्हायच्या. सुटका नव्हतीच.

जॉबर म्हणजे कापडाच्या कारखान्यात माग चालते ठेवणारा माणूस. काकांकडे तीन नंबरची शेड होती, चव्वेचाळीस माग. प्रत्येक मागाचा आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे उडायचा आणि दर वेळी ठोका पडायचा. आता करा गुणाकार. तिथे तोंडाने बोलायची सोयच नाही. म्हणून शेडमधली माणसं ओठ मोठे करून आणि बोटांनी बोलायची. पोटावर आडवा हात फिरवला की माग बंद कर. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून पीळ दिल्यासारखं केलं की, थांब, धागा सांधतोय. ही भाषा काकांबरोबर घरी आली आणि घरातच राहिली. त्यांची एकुलती एक लेक भिंगरी ‘आई’ म्हणायच्या आधी बोटांनी ‘थांब, सांधतेय’ म्हणायला शिकली होती. कुणी दुधाची बाटली तोंडाला लावायला आलं की बेटी बोटं पिळून दाखवायची.

काका माग तपासायचे ते स्क्रूड्रायव्हरने. टोक मागाच्या लोखंडाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. कुठे काय झिजलंय ते बरोबर सांगायचे. कान गेल्यावर मूठ दातात धरायला लागले. पुढे पुढे तर नुसतं अनवाणी उभं राहून सांगायचे, ‘सातव्याचा पट्टा सैल झालाय.’ आणि झालेला असायचा! नवीन इंजिनियर आले की तोंडात बोटं घालायचे.

एकच माग त्यांच्यापुढे हरला नाही. एकोणीस नंबर. त्याचा एक ठोका जड आणि वेळेवर, दुसरा हलका आणि जरासा उशिरा. धडाम... धुम. धडाम... धुम. काकांनी त्याचं नावच लंगडी ठेवलं होतं. दांडा बदलला, पट्टे बदलले, पाया उखडून पुन्हा बसवला, दोनदा तर तिला अख्खी सोडवून जोडली. लंगडी लंगडतच राहिली. कापड मात्र चांगलं विणायची, हे तिचं आणखी एक. ‘मरायच्या आधी हिला सरळ चालवीन,’ असं काका म्हणायचे. पण नऊ वर्षांपूर्वी शेडच बंद पडली. माग ट्रकमध्ये भरून भंगारात गेले. त्या दिवसापासून काकांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. दूध आणायलासुद्धा लांबचा वळसा घालायचे.

आणि लेक काय झाली? डीजे झाली! डीजे म्हटलं की शेजारीण विचारायची, ‘लग्नात वाजवते का हो?’ काकू बिचाऱ्या समजावून सांगायच्या, की नाही हो, ती मोठ्या हॉलमध्ये वाजवते, एक तबकडी चालू असताना दुसरी तिच्यात अशी मिसळते की पहिली कधी संपली ते कळत नाही, आणि लोक तिकीट काढून तासन्‌तास नाचतात. शेजारीण म्हणायची, ‘असेल बाई.’

काकांनी लेकीला एवढंच विचारलं होतं, ‘मिनिटाला ठोके किती?’

‘एकशे अठ्ठावीस,’ ती म्हणाली.

‘आमची लंगडीसुद्धा दीडशे मारायची. तेल घाल.’

इथवर हसण्यावारी गेलं. पण त्याच संध्याकाळी ते जे बोलून गेले ते नाही गेलं. ‘ज्या आवाजाने माझे कान खाल्ले, तोच तू लोकांच्या कानात ओततेस.’ भिंगरी ताटातलं तसंच ठेवून उठली. त्याला सहा वर्षं झाली. तिने कधी कार्यक्रमाला बोलावलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. बाकी सगळं बोलायचे दोघं. तेवढी एक जागा सोडून.

मग या वर्षी भिंगरीची नवी तबकडी निघाली. अकरा जणांच्या अकरा रचना, मध्ये कुठेही शिवण दिसू न देता एकात एक गुंतवलेल्या, चौऱ्याहत्तर मिनिटांचा एकच सलग ताणा. तिचं नाव तिने ठेवलं ‘तीन नंबर’. ती घेऊन अकरा गावांचा दौरा करायचा होता. घरी आली आणि तिने तबकडीचं पाकीट वडिलांच्या मांडीवर ठेवलं. वर एक फोटो होता. फरशी, आणि फरशीत चार भोकं. आणखी काही नाही.

काकांनी चष्मा लावला. एका भोकाची कड फुटलेली होती. ती कड त्यांच्याच हातून फुटली होती, लंगडीचा पाया उखडताना.

‘एकोणीस,’ ते म्हणाले.

‘शेडचा आता हॉल झालाय, बाबा. दौऱ्याचा पहिला कार्यक्रम तिथेच आहे. रविवारी दुपारी चार वाजता.’ भिंगरी ओठ मोठे करून सावकाश बोलत होती, शेडमधल्यासारखं. ‘एकदा या. एकदाच. काही पोचलं नाही, तर हा विषय मी जन्मात काढणार नाही. मी समजेन की माझं काम तुमच्यापर्यंत येणारच नव्हतं.’

‘बहिऱ्याला गाण्याला बोलावतेस? तिथे दगडासारखा बसून काय करू?’

‘बसू नका. उभे राहा.’

 रविवारी तीन वाजता मात्र काका शर्ट घालून तयार. काकूंनी भुवया उंचावल्या तर म्हणाले, ‘छप्पर गळतंय का ते बघून येतो.’ खिशात स्क्रूड्रायव्हर होता. जुन्या शेडमध्ये रिकाम्या हाताने जायचं त्यांना जमेना.

दारावर पहारेकऱ्याने खिसे तपासले आणि स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. ‘काका, हे आत नाही नेता येणार.’ आणि शेजारच्या टोपलीतून कापसासारखे दोन बोळे त्यांच्या हातावर ठेवले. ‘हे कानात घाला. डीजेबाईंचा हुकूम आहे, बोळे घातल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही.’

‘त्यांना नकोत,’ काकू म्हणाल्या, ‘त्यांचे आतच आहेत.’

पण काका तिथेच थबकले. टोपलीकडे बघत राहिले. आत जाणारी सगळी तरुण पोरं-पोरी मुकाट्याने कानात बोळे घालत होती. आपल्या वेळेला एकाने तरी कुणी अशी टोपली ठेवली होती का? एकतीस वर्षांत? त्यांनी ते दोन बोळे खिशात ठेवले, जपून, जिथे स्क्रूड्रायव्हर होता तिथे.

आत गेले. तीच शेड! त्याच उंच खिडक्या, त्यातून पडणारे तेच दुपारचे तिरपे पट्टे. भिंती पांढऱ्या केल्या होत्या एवढंच. जिथे एक आणि दोन नंबर होते तिथे मंच, मंचावर टेबल, टेबलामागे भिंगरी. सहाशे माणसं तरी असतील. काका कुणालाही न विचारता गर्दीतून चालत गेले, डावीकडून तिसरी रांग, पाचवी जागा. चप्पल काढली. पायाच्या अंगठ्याने चाचपलं. चार भोकं आता सिमेंटने बुजवली होती, पण फुटकी कड लागली. उभे राहिले.

ठोके पायातून वर यायला लागले. एकसारखे, ठाम. ‘पट्टा ताणलेला आहे,’ त्यांनी काकूंना सर्टिफिकेट देऊन टाकलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. समोर लोक नाचत होते. काका उभे होते. ठीक आहे, त्यांना वाटलं, चांगलं चालतंय, पण मशीन चांगलं चालतंय याच्यापुढे काय? एवढ्यासाठी लोक नाचतात? त्यांना आतून वाईट वाटायला लागलं. पोरीला आता काय सांगायचं? खोटं बोललं तर ती ओठांवरून ओळखणार.

आणि मग पायाखाली, त्या एकसारख्या ठोक्यांच्याही खालून, आणखी काहीतरी आलं.

धडाम... धुम. धडाम... धुम.

 काकूंचा दंड काकांनी इतका घट्ट धरला की त्या कळवळल्या. ‘लंगडी! अगं, लंगडी आहे ही!’

कशी असेल? तिला तर त्यांनी स्वतः ट्रकमध्ये चढताना पाहिलं होतं. मग आठवलं. शेड बंद व्हायच्या आठवड्यात भिंगरी डबा घेऊन आली होती, कॉलेजातून परस्पर, आणि लंगडीच्या अंगाला तिने टेपरेकॉर्डर टेकवून ठेवला होता. धोटा उडून लागला असता म्हणून त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. म्हणजे पोरीने नऊ वर्षं हिला जपून ठेवलं? काका खाली बसले आणि दोन्ही तळहात त्यांनी फरशीला लावले. नाचणारे पाय त्यांच्या आजूबाजूने सरकले. भंगारात गेलेली लंगडी त्यांच्या हाताखाली चालत होती, जशीच्या तशी, त्याच खोडीसकट. नव्या ठोक्यांशी तिचं जुळत नव्हतं. कसं जुळणार? चव्वेचाळीस मागांत तिचं कुणाशी जुळलं नव्हतं. उशिरा येणारा तिचा तो हलका ठोका दर वेळी धडकत होता, आणि काकांचे हात आपोआप दांडा शोधायला लागले होते.

एवढ्यात सगळं थांबलं.

एकदम. फरशी मेली.

आता हे ध्यानात घ्या. एकतीस वर्षांत ती शेड अशी एकाएकी गप्प झाली होती चार वेळा, आणि चारही वेळा कुणाचा तरी हात मशीनमध्ये गेला होता. चौथ्या वेळी काकांचंच अर्धं बोट गेलं होतं. त्यांनी विचारबिचार काही केला नाही. उठले आणि अनवाणी धावत सुटले. ‘बाजूला व्हा! मेन बंद करा! कुणाचा हात गेला? कुणाचा हात गेला?’

बहिरा माणूस किती मोठ्याने ओरडतो ते त्याला कळत नाही. शेड चिडीचूप होती. त्या शांततेत त्यांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. सहाशे माणसं वळून बघायला लागली. काकूंनी तोंडावर पदर घेतला. काका लोकांना ढकलत मंचाकडे येत होते, डोळे फक्त लेकीच्या हातांवर.

भिंगरीने त्यांना पाहिलं. तिचा डावा हात तबकडीवर होता, तबकडी तिने बोटांनी धरून ठेवली होती. ही थांबण्याची जागा तिनेच आधीपासून ठरवलेली होती, चार मोजून सोडायची. तिने चार मोजले आणि सोडली नाही. उजवा हात उंच केला, सगळ्या गर्दीच्या वर. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं आणि पीळ दिला.

थांबा. सांधतेय.

काका जागच्या जागी थांबले. शेडमध्ये ही खूण दिसली की थांबायचं असतं, जॉबर असला तरी. त्यांची छाती धपापत होती. सहाशे माणसांना त्या बोटांचा अर्थ माहीत नव्हता, पण ती सगळी थांबली, कुणी हललं नाही. लेक बापाकडे बघत होती आणि बाप लेकीच्या बोटांकडे. धागा तुटला नव्हता. कुणाचा हात गेला नव्हता.

मग तिने तबकडी सोडली.

जे काही आलं ते काकांच्या तळपायातून शिरलं आणि पोटरीतून, मांडीतून, पाठीच्या कण्यातून थेट दातांपर्यंत गेलं. धडाम, धुम. धडाम, धुम. लंगडीच होती. पण आता ती कुणाला धडकत नव्हती. काका श्वास रोखून वाट बघत राहिले, आता चुकेल, आता चुकेल. चुकेना. दहा, वीस, पन्नास. सगळी शेड उडत होती, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, सहाशे माणसं लंगडीच्या पावलावर नाचत होती. शंभरावर काकांचं मोजणं सुटलं. तोंड उघडं पडलं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं, त्याचीही शुद्ध नव्हती. देवा रे, त्यांना वाटलं, ही माझी पोर आहे? हे हिला कुणी शिकवलं?

कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. भिंगरी घाम पुसत मंचावरून उतरली. वडिलांसमोर आली आणि उभी राहिली. विचारायचं धाडस होईना तिला. एरवी हजार माणसांपुढे न बिचकणारी बाई, आईच्या पदराशी चाळा करणाऱ्या लहान मुलीसारखी टॉवेलची कड पिळत राहिली.

काका मोठ्याने बोलले, म्हणजे अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं.

‘तू तिचं लंगडणं काढलं नाहीस.’

भिंगरीने मान हलवली. नाही.

‘तो हलका ठोका अजून उशिराच येतो. तसाच ठेवलायस. तू नवे ठोके मागे सरकवलेस. तिच्यासाठी.’

भिंगरी बघतच राहिली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तबकडीवर लिहिणाऱ्यांनी रकाने भरले होते, पण एकाच्याही कानाला हे लागलं नव्हतं. 

‘मी एकतीस वर्षं तिचा पाय सरळ करत बसलो,’ काका म्हणाले.  ‘आणि तू बाकीच्या सगळ्यांना तिच्या पावलाने चालायला लावलंस. मला सुचलंच नाही गं. एकदासुद्धा सुचलं नाही.’

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती रडते आहे हे काकांना तिच्या पाठीवर ठेवलेल्या हाताला कळलं.

मग त्यांनी तिला जरा लांब केलं, ओठ दिसावेत म्हणून. ‘पुढचा कार्यक्रम कुठे?’

तिने गावाचं नाव सांगितलं. ‘परवा.’

‘तिथली जमीन कसली आहे? सिमेंट की लाकूड?’

भिंगरीने डोळे पुसले. ‘लाकूड, बाबा.’

‘लाकूड बरं,’ काका म्हणाले. ‘लाकडात जास्त चढतं.’

काकूंनी हात उंच करून दोघांचं लक्ष वेधून घेतलं आणि बोटांनी विचारलं, की दौऱ्यावर निघालेल्या माणसाने आपल्या चपला नेमक्या कुठे काढून ठेवल्या आहेत.